मशीन बंद करायची न्हाई

...आणि वर पुनमचंद काका चारचौघांत मलाच म्हणतो, "सख्ख्या भावाला माती द्यायला आला न्हाई, डब्याजवळ थांबला!" डबा म्हणजे कंप्युटर. अरे, थांबलो! थांबलो तर थांबलो! हौस होती का मला? मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मला त्या डब्यातलं काय कळतं? दादानंच बजावलं होतं, "सेवा, काहीबी होऊ दे, मी मरू दे, पण मशीन बंद करायची न्हाई." आता दादा बोलल्याप्रमाणं मेला. मग मी त्यानं सांगितल्याप्रमाणं वागायचं का न्हाई? तुमाला सांगतो, शिकलेल्या माणसाचं काही खरं न्हाई!

म्हणजे बघा... आमचा तांडा आखाडा बाळापूरपासून कच्च्या रस्त्यानं आत. त्या तांड्यातनं पुण्याला जाऊन शिकलेला एकच, आमचा देविदास दादा. आता पुण्याला जाऊन माणूस काय शिकतो? डॉक्टरकी शिकतो, वकिली शिकतो, न्हाई तर साहेब होऊन गाडीत बसून येतो, आमीबी चार दिवस मिरवतो. हा काय शिकला? उंदीर! उंदीर, कुत्रा, कोंबडी, मासा, माकड आणि माणूस! कंप्युटरवर एक झाड काढायचं, फांदीफांदीच्या टोकाला एकेक जनावर बसवायचं आणि ते बघत बसायचं. याडीनं, आईला आमी याडी म्हणतो, तिनं एकदा विचारलं, "बेटा, नेमकं काय करून राहिलास?"

तर हा म्हणतो, "याडी, आपले आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडायचे ना? समज, आज दारात बैल किती उभे तेवढंच ठाऊक आहे. त्यावरनं मागं मागं जात ओळखायचं, कोणत्या मुक्कामाला कळप वाढला, कोणत्या मुक्कामाला मेला. अंगात जीन असतात, त्यांचेबी असेच कळप. एकाची नक्कल होऊन दोन होतात, एखादा मोडून जातो. वास घ्यायच्या जीनचा कळप उंदराच्या अंगात केवढा दांडगा! माणसाच्या अंगात आटून गेला. तो कुठं आटला, किती वेगानं आटला, हे माझं सॉफ्टवेअर सांगतं."

याडीनं सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "बराबर आहे. पगार कधी सुरू होणार?"

आणि हे सगळं कुठून चाललेलं? खाटेवरून! रक्ताचा कॅन्सर. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. घरी येताना माणूस काय आणतो? औषधं आणतो, देवाचा अंगारा आणतो. हा कंप्युटर घेऊन आला! मांडीवर लेकरू घ्यावं तसा जीपमध्ये मांडीवर घेऊन आला. भेटायला आलेला एक पाहुणा त्याच्या तोंडावर म्हणाला, "उंदराच्या नाकाचं शिकण्यापरीस माणसाच्या रक्ताचं शिकला असतास तर वाचला असतास." दादा हसला. काहून हसला? मला न्हाई हसू आलं. मी त्या पाहुण्याच्या चपला विहिरीत टाकल्या. अनवाणी गेला बाळापूरपर्यंत.

आता मशीनचं ऐका. एकदा लावली की महिना-महिना चालायची, मधे थांबली की केलेलं सगळं मातीत. आणि आमच्याकडं लाइट किती? २००७ सालचं सांगून राहिलो. लाइट यायची पाहुणीसारखी, पाणी पिऊन निघून जायची. यूपीएस म्हणून एक डबडं होतं. लाइट गेली की टीं टीं टीं ओरडायचं आणि दहा मिनिटांत मान टाकायचं. त्या दहा मिनिटांत जनरेटर सुरू झाला पाहिजे. जनरेटर कुणाचा? बाळापूरच्या उत्तमराव मांडववाल्याचा. वरातीपुढं ट्यूबलाइटा लावून चालतो ना, तो. अंगावर लाल रंगात केवढं तरी लिहिलेलं, 'शुभ विवाह'! त्याचं हँडल असं उलटं फिरायचं की एकाचा अंगठा गेला. ते मारावं तर मीच. म्हणून मी खोलीत. सकाळी खोलीत, दुपारी खोलीत, दादाच्या खाटेशेजारी. दादा गोष्टी सांगून राहिलाय, मी लाइटच्या बल्बाकडं बघून राहिलोय. शिकलेल्या माणसाचं काही खरं न्हाई!

रविवारी सकाळी दादा गेला. पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेला. एवढीबी कळ काढली न्हाई.

आता घरात माणूस गेलं की चूल विझवायची, माती होईपर्यंत काही पेटतं ठेवायचं न्हाई. पुनमचंद काका घरभर हिंडला. चुलीत पाणी ओतलं, देवापुढचा दिवा घालवला, एकाच्या तोंडातली बिडी काढून विझवली, आणि आला खोलीत. "ते काय घरघरून राहिलंय? हिरवा दिवा कशाचा? काढ वायर!" मी म्हणलं, "काका, दादानं सांगितलंय." तो म्हणाला, "दादा मेलाय." मी म्हणलं, "मला दिसत न्हाई का?" त्यानं वायरीला हात घातला आणि मी... काय करू, तोंडासमोर आला म्हणून चावलो. काकाच्या हातावर अजून दात दिसतात, मोजून घ्या.

आमच्यात लग्न न झालेल्याला जाळत न्हाईत, माती देतात. दादाला उचललं, याडीनं हंबरडा फोडला, मी खांदा द्यायला वाकलो आणि टीं टीं टीं! लाइट गेली! अरे, आत्ताच? लाइटवाल्यांना कुणी सांगितलं होतं का, देविदासला उचलून राहिले म्हणून? मी म्हणलं, थांबा, एवढं हँडल मारून आलो! काका रक्ताचा हात धरून ओरडला, "कुणी थांबायचं न्हाई! त्या कुत्र्याला सोडा इथंच!" आणि निघाले.

मी हँडल मारलं. लागेना. पुन्हा मारलं. लागला एकदाचा, पण असा आचके देऊन राहिला की रेसची तार हातानं ओढून धरली तरच चालतो. सोडली की बंद. तार धरून मी उभा. समोरच्या माळावरून माणसं खाली उतरून राहिलीत, दादाची पांढरी चादर लहान लहान होऊन राहिलीय आणि माझ्या शेजारी धडधड धडधड 'शुभ विवाह'! सांगा मला, असा भाऊ कुणाला मिळालाय? लाइट आली तेव्हा लोक हात-पाय धुऊन परत येऊन राहिले होते. एक मूठ माती... एक मूठ पडली न्हाई माझ्या हातची.

तिसऱ्या दिवशी दादाला शिकवणाऱ्या पुण्याच्या सरांचा फोन. "अरेरे, फार वाईट झालं. फार हुशार मुलगा होता. बरं, मशीन चालू आहे ना?"

मी म्हणलं, "मशीन चालू आहे सर. माणूस बंद पडला."

"हो हो. तिला हात लावू नका. निलमला पाठवतो."

निलम म्हणजे दादाच्या बरोबर शिकणारी. ती येईपर्यंत मी तिथंच. हँडल मारून मारून हाताची सालं गेली. याडी रोज दारात येऊन टेकायची. म्हणायची, "चालू दे रे. घरघर ऐकू आली की वाटतं, आत पोरगं जागं आहे." मग काय बंद करता?

निलम आली. आधी याडीच्या गळ्यात पडून रडली, खोटं कशाला बोलू. मग खुर्चीवर बसली आणि पडद्यावरच्या ओळी वर-खाली करून बघू लागली.

"सेवा, हे कधीपासून असं आहे?"

"चालूच आहे ताई. एक मिनिट बंद पडू दिलं न्हाई."

"अरे, हे अडकलंय. ही शेवटची ओळ बघ, गुरुवारची आहे. त्यानंतर काहीच नाही. वासाचा तो कळप, एका जनावरात हजार आणि एकात अगदीच थोडे, तिथं गणित फसतं. तिथंच गोल गोल फिरतंय."

गुरुवार? दादा गेला रविवारी! म्हणजे मी तार धरून उभा होतो ते...

मी म्हणलं, "दादाला कळलं न्हाई?"

निलमनं मान खाली घातली. "कळलं होतं. शुक्रवारी त्याचा फोन आला होता मला. मी म्हटलं, तो कळप काढून टाक आणि पुन्हा लाव. तर म्हणाला, आता कुठलं पुन्हा? राहू दे चालू. मशीन आहे म्हणून सेवा खोलीत बसतो, नाहीतर माझ्याकडं बघवत नाही म्हणून शेतात पळतो."

ऐकलंत? ऐकलंत का तुमी? अरे, मग तोंड उघडून सांगायचं ना, "सेवा, बस माझ्याजवळ"! बसलो असतो! शिव्या दिल्या असत्या आणि बसलो असतो! शुक्रवार गेला, शनिवार गेला, बोलला का एक शब्द? आजे-पणज्यांच्या लदेणीच्या, बैलांवर मीठ-धान्य लादून हिंडायच्या गोष्टी सांगत बसला! म्हणजे मरेपर्यंत मला धरून ठेवलं, आणि मेल्यावर सोडायचं सांगायला विसरला! शिकलेल्या माणसाचं काही... जाऊ द्या.

निलम म्हणाली, "आता बंद कर." मी याडीकडं बघितलं. याडी दारातनं उठून गोठ्याकडं गेली. निलमनं उंदरासारखं ते हातात धरायचं असतं ते माझ्या हातात दिलं, म्हणाली, इथं दाब. दाबलं. तर बंद व्हायचं सोडून पडद्यावर एक चौकट आली, आत इंग्रजी.

मी म्हणलं, "ताई, काय म्हणते?"

"विचारतेय, नक्की बंद करायचं का. हो किंवा नाही."

घ्या! आमच्या घरातला एवढा जिता माणूस देवानं उचलून नेला, कुणी विचारलं न्हाई, आणि ह्या डब्याला आमची परवानगी पाहिजे! मी म्हणलं, "व्हय म्हणा तिला, ताई. न्हाई म्हणल्यावर कुणी थांबलंय का आमच्याकडं?"