शेवटी अस्वल

(मद्रास, १९५८. सेंट्रल स्टेशनजवळच्या प्राणीबागेतलं हातानं फिरवायचं चक्र, त्यावर लाकडी जनावरं. कठड्याशी कनका, काळी छत्री उघडून, शेजारी कुमुद. चक्रावर सहा वर्षांची सरोजा. दुपार कलायला आली आहे.)

कनका : ...आणि पाणघोड्यापाशी घाई करायची नाही. त्यानं जांभई दिल्याशिवाय ती हलत नाही. एकदा तासभर देईना तो. घरी जाऊन आमच्या घरच्यांना म्हटलं, तुम्ही समोर जाऊन बसला असतात तर तुम्हाला बघून तरी त्यानं दिली असती.

कुमुद : आता ह्यांची बदली नागपुरात. तिथं पाणघोडा आहे की नाही, कोण जाणे.

कनका : माकड असेल की. माकड कुठं नाही? शेंगा तिनं द्यायच्या, टरफलं तू काढायची. हत्तीकडं मात्र नेऊ नको. त्याच्या पायातली साखळी बघितली की त्या दिवशी जेवत नाही.

कुमुद : आज आल्या आल्या मी हौसेनं हत्तीच दाखवला.

कनका : तुला माहीत नव्हतं.

कुमुद : आई असून माहीत नव्हतं.

सरोजा : अम्मा, आहेस?

कनका : आहे.

कुमुद : हे काय?

कनका : प्रत्येक फेरीला विचारते. मी या खांबापाशी, छत्री उघडलेली, आणि तोंडानं ‘आहे’ म्हणायचं. नुसता हात हलवला तर चालत नाही. पहिल्या वर्षी तुझ्याकडून आली ना, तेव्हापासून. रात्री झोपेतपण विचारायची. घरचे म्हणायचे, हजेरीच घेते की ही तुझी.

कुमुद : अक्का, तुम्ही जरा बाकावर टेका ना. केव्हाच्या उभ्या आहात. गुडघे बघा कसे सुजलेत.

कनका : बाक खांबाच्या मागं आहे. तिथून मी दिसत नाही तिला.

कुमुद : ह्यांनी सामान लावून घेतलं असेल. गाडीला फार तर सव्वा तास उरला. अस्वलावर कधी बसणार ही?

कनका : बसेल.

कुमुद : तुम्हीच म्हणालात, अस्वल तिचं सगळ्यात लाडकं. आली की पहिलं तेच धरते म्हणून. आज उंट झाला, हरीण झालं, परत उंट झाला. अस्वल तर रिकामंच फिरतंय.

कनका : ते अस्वल आहे की म्हैस आहे, हे जनकोजीरावांनापण सांगता येत नाही. चक्र त्यांचं, रंगवलं त्यांनीच. आमच्या तंजावरकडचे ते. हिचं म्हणणं, आमचे घरचे, म्हणजे तिचे अप्पा, आरामखुर्चीत झोपले की असेच दिसतात. म्हणून लाडकं.

कुमुद : काल रात्री ह्यांनी बोलून ठेवलंय तसंच करायचं ना?

कनका : तसंच. अस्वलावर बसली की त्याच्या मानेला गाल लावते आणि डोळे मिटते. पहिली फेरी पूर्ण मिटलेले. तेवढ्यात मी निघायचं. मीच सुचवलं की ते.

कुमुद : ह्यांना वाटतं, प्लॅटफॉर्मवर तिनं तुम्हाला मिठी मारली तर ती सोडवायची कुणी? आमच्याकडं लहान मुलांना असंच सोडून जातात. सांगत बसलं की रडून आकांत करतात. तिला काही बोलला नाहीत ना तुम्ही?

कनका : तुझ्या नवऱ्याला मी शब्द दिला होता.

सरोजा : अम्मा, आहेस?

कनका : आहे, कण्णा. वाकू नको तिकडं.

कुमुद : मला एकदा तरी विचारेल का ती असं?

कनका : विचारेल.

कुमुद : आठ दिवस झाले मला तांबरमच्या इस्पितळातून सुटून. मला ‘आई’ म्हणते, पण शाळेतल्या बाईंना हाक मारावी तशी. काल वेणी घालायला बसवली तर म्हणाली, तुमचा हात गार आहे. ‘तुमचा’ म्हणाली.

कनका : मलापण सहा महिने ‘अहो’ म्हणत होती. तेव्हा मी तुमच्या घरातून तिची भांडी, तिची उशी, एकेक आणत होते. शेजारी राहून कधी तुमच्याकडं चहासुद्धा प्यायला नव्हता मी. आणि एकदम मूल.

कुमुद : दुसरं कोण होतं मला? ह्यांची नोकरी फिरतीची, आणि साताऱ्याहून कुणी यायला तयार होईना. क्षयाचं नाव काढलं की पत्रंसुद्धा येईनाशी झाली.

कनका : दर महिन्याला आणत होते ना मी तिला. कुंपणाबाहेरून.

कुमुद : त्या दिवसावर मी महिना काढायचे. लाल झगा दिसला की खाटेवर उठून बसायचे. ती हात हलवायची.

कनका : सांगू का एक? रागावू नको.

कुमुद : सांगा.

कनका : पहिल्याच वर्षी मी तिला इथं आणलं होतं, पहिल्यांदा. पुढच्या आठवड्यात तांबरमला नेलं. तू कुंपणाच्या आत, आम्ही बाहेर. परत येताना गाडीत मला विचारलं तिनं, आईला काय खायला घालायचं असतं, म्हणून. रागावलीस?

कुमुद : नाही. तुम्ही काय सांगितलंत?

कनका : शिरा, म्हटलं. मग पुढल्या वेळेला डबा भरून आणला की आम्ही. तुला आठवत असेल. नर्सबाईंनी आत दिला.

कुमुद : बेदाणे घातलेला. मला वाटलं, तुम्ही आठवणीनं केलात.

कनका : बेदाणे तिनं मोजून घातले. तू मोठी आहेस, तुला वीस पाहिजेत, म्हणाली.

सरोजा : अम्मा, आहेस?

कनका : आहे.

सरोजा : पाय दुखतायत?

कनका : नाही ग. तू बस नीट.

कुमुद : तिला हे कळतं?

कनका : सगळं कळतं. न कळल्यासारखं करते, ते तू ओळखायचं. ताप येणार असला की आदल्या दिवशी फार शहाण्यासारखी वागते. रसम निवलेलं खात नाही. अंधारात जायचं तर आधी तू जायचं आणि आतून हाक मारायची. आणखी... काय सांगायचं राहिलं बघ.

कुमुद : अक्का, मी आत्ता म्हटलं, ठेवून घ्या तिला तुमच्याकडंच, तर?

कनका : विचारू नको.

कुमुद : का?

कनका : मी हो म्हणेन. तू बरी व्हावीस म्हणून तीन वर्षं दर शुक्रवारी मी मुंडकक्कण्णीच्या देवळात जात होते. आणि मागच्या महिन्यात पत्र आलं, तुला सोडतायत म्हणून, तेव्हा घरच्यांनी वाचून दाखवलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि डाळ करपेपर्यंत तिथंच उभी. अशी बाई आहे मी. देवीला काय वाटलं असेल.

कुमुद : मला काही वाटत नाही तुमच्याबद्दल वाईट.

कनका : तुला वाटू नये म्हणूनच आज सांगितलं. नागपुरात बसून उगाच मला देवता करून ठेवशील.

कुमुद : थांबलं. परत तिकीट मागतेय ती. परत उंट?

कनका : नाही. बघ.

कुमुद : अस्वल.

कनका : गाल लावला. ही छत्री धर. उघडीच ठेव. थोडी डावीकडं सरक, खांबाला लागून. असं.

कुमुद : अक्का, थांबा. एक फेरी.

कनका : डोळे मिटलेत तिचे. आता नाही गेले तर मग मला नाही जमायचं.

कुमुद : काही सांगायचंय का तिला? काय म्हणू मी?

कनका : ‘आहे’ म्हण. तेवढंच लागतं तिला. येते मी.

कुमुद : अक्का...

सरोजा : ...

कुमुद : आहे. सरू, मी आहे.

सरोजा : ...

कुमुद : आहे, सरू.

सरोजा : जनकोजी मामा, पोरुम. थांबवा. मला उतरायचं.

कुमुद : ये. हळू. पाय जपून. इतक्यातच उतरलीस? दोनच फेऱ्या झाल्या.

सरोजा : अम्मा त्या दारानं गेली ना? स्टेशनच्या नाही, त्या दुसऱ्या.

कुमुद : सरू, बाळा, अम्मा...

सरोजा : मला माहीत आहे. अम्मानं सांगितलं, सकाळी, वेणी घालताना. म्हणाली, खोटं बोलून जाणार नाही. तुझं झालं की तू अस्वलावर बस, मग मी जाईन. तू बसेपर्यंत मी खांबापाशी आहे. आईला नको सांगू, आईला वाईट वाटेल.

कुमुद : म्हणून तू मघापासून उंटावर...

सरोजा : उंट मला आवडत नाही. टोचतो.

कुमुद : मग आणखी बसायचंस की उंटावर. गाडीला वेळ होता. मी तुला काही बोलले नसते.

सरोजा : माहीत आहे.

कुमुद : मग अस्वलावर का बसलीस?

सरोजा : अम्माचे पाय दुखत होते.