आधी सांगायचं, मग हात लावायचा

मी देवरूखच्या वरच्या अंगाची, बाप भातशेतीवाला, भाऊ मुंबईला, आणि मी रत्नागिरीत येऊन थेट तुरुंगात गेले, हसू नका, शिपाई म्हणून गेले, खाकी घालून. आई म्हणायची, बाय गो, लोकांच्या पोरी सासरी जातात नि तू चोरांकडे. मी म्हटलं, आये, सासर काय पेन्शन देतं?

तर काय सांगू तुम्हाला, आमच्या बायकांच्या बराकीत एक होती लोटे गावाकडची, तिला आपण शेवंती म्हणू, खरं नाव कशाला. तिची लहान लेक आजीबरोबर एस्टीनं भेटीला यायची आणि ही उठायचीच नाय, पाठ करून बसायची, पोर बाहेर रडून रडून परत जायची. सगळ्या म्हणायच्या, आई आहे की दगड.

मग साहेबांनी आमच्यासाठी प्रशिक्षण ठेवलंन, पुण्याहून मानसशास्त्राच्या बाई आल्या. माझी जोडीदारीण म्हणालीन, आता कैद्यांना अंगाई म्हणायची की काय? पण त्या बाईंनी एक गोष्ट सांगितलीन, ज्या बाईनं घरात मार खाल्लाय तिला मागून हात लागला की तोच मारणारा आला असं वाटतं. शेवंतीनं घरात किती मार खाल्लेला ते आम्हाला ठाऊक होतं, माझी ट्यूब पेटली. भेटीआधी झडती असते, भिंतीकडे तोंड, मागून हात. शेवंती लेकीला टाळत नव्हती, झडतीला भीत होती!

पुढच्या भेटीला मी तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, शेवंते, झडती चुकायची नाय, तो नियम आहे, पण भिंत नको, माझ्याकडे बघ, मी आधी सांगेन मग हात लावेन, थांब म्हणालीस तर थांबेन. आता खांदा. थांबा, ती म्हणालीन. थांबले. जोडीदारीण ओरडते, अगो, भेटीची वेळ संपेल, मी म्हटलं, साहेबांना मी बघते, तू गप. शेवटी शेवंती म्हणालीन, हं. खांदा, मग कंबर, मग केस, दर वेळेला हं. आणि धावली ती जाळीकडे! लेक म्हणते, आये, तू बारीक झालीस. मीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, खाकीत रडता येत नाय ना.

आता नव्या पोरींना हे मीच शिकवते, आणि शिकतात, न शिकून जातात कुठं? शेवंती सुटली, देव करो नि तिला आमचं फाटक परत न दिसो. परवा मी लोट्याच्या स्टॉपवर उभी, कंपनीच्या बसची ही गर्दी, मागून आवाज आला, बाई, मी शेवंती, तुमच्या मागं उभी आहे, हात लावू काय?

मी वळले पण नाय. म्हटलं, लाव गो बाय.