वाघाने सुचवलेलं नाव

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," आजोबा शेजारच्या खुर्चीतल्या शिंपीणबाईंना म्हणाले. मोजायचा टेप गळ्यात तसाच ठेवून त्या कान दाखवायला आल्या होत्या. आजोबांचा जीव मात्र पाठीमागच्या दारात अडकला होता. आत नातीला श्रवणयंत्र बसवत होते.

"सांगा तरी."

"नातीचं नाव कानन. पोरं चिडवतात, 'कान न, कान न!' म्हणून तिला नावच बदलायचंय."

"अगंबाई! कानन म्हणजे जंगल ना?"

"तेच तर! पण माझे ओठ दिसल्याशिवाय तिला एक शब्द कळत नाही. आणि नावाचा विषय काढला की ती तोंडच फिरवते. समजावू कसं?"

"मग नाव ठेवलं कुणी?"

आजोबांनी आवाज अगदी खाली आणला. "ती जन्मली तेव्हा मी जंगलात. समोर वाघ! म्हटलं, 'बाबा रे, आजच नात झालीय.' वाघ म्हणाला, 'अभिनंदन! आमच्या घराचंच नाव ठेवा.'"

"वाघ बोलला?"

"स्वच्छ मराठीत!"

पाठीमागचं दार उघडलेलं दोघांनाही कळलं नाही.

"थापा, आजोबा, थापा! मागच्या वेळी अस्वल होतं!"