लाल पाटी आणि एकोणीस कडवी

...नाही, पण मी म्हणतो, माझ्या हातात पाटी दिलीच कुणी? तुम्हाला सांगतो, त्या शनिवार-रविवारात जो भेटला तो मलाच धरून, "काका, एवढा वेळ गेला कुठे?" आता वेळ कुठे गेला हे मला काय विचारता? तो काय मला सांगून जातो? मी आयुष्यभर रंगारी. भिंतीला एक हात मारायचा, बाजूला उकिडवं बसायचं, सुकायची वाट बघायची, मग दुसरा मारायचा. एका बंगल्याचं काम धरलं तेव्हा मालकाची मुलगी रांगत होती, आणि मी जिन्यापर्यंत पोचलो तोवर ती माझ्या डब्यात बोटं बुडवून स्वतःची खोली स्वतः रंगवायला लागली होती! अशा माणसाला कुणी घड्याळासमोर बसवतं का?

बसवलं. पुतणीने बसवलं. पुतणी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, उरक असा की तिच्याकडे नुसतं बघून मला धाप लागते. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी मिळून शाळेचा हॉल घेतला, दोन दिवस, आणि म्हणाली, जुनी गाणी ज्यांना येतात त्यांना बोलवायचं, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. मला विचारते, "काका, तुम्हाला एका जागी शांत बसता येईल?" म्हटलं, "बाळ, तेवढंच तर येतं मला." "मग झालं! तुम्ही वेळ सांभाळा." आणि गेलीसुद्धा! वेळ सांभाळा म्हणे. तान्हं पोर आहे का ते?

काम काय, तर पहिल्या रांगेत बसायचं, समोर घड्याळ, हातात तीन पाट्या. अक्षराशी माझं कधी जमलं नाही, म्हणून नुसते रंग. हिरवी दाखवली की दहा मिनिटं राहिली, पिवळी दाखवली की दोन राहिली, आणि लाल म्हणजे, उतरा खाली. सोपं आहे की नाही? ऐकायला सोपं आहे हो! पण समोर एक माणूस डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून, आईकडून शिकलेलं गाणं गातोय, आणि आपण त्याच्या तोंडासमोर पुठ्ठा नाचवायचा? गाणाऱ्या माणसाला बस म्हणायचं कसं, तुम्हीच सांगा!

बरं, ह्यात माझा काही फायदा नव्हता, उलट माझंच घोडं अडकलेलं. माझा दोस्त घड्याळजी. त्याचं दुकान म्हणजे कपाटच, फक्त आत माणूस बसतो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि ओठांत एक गाणं. ते त्याच्या बापाचं. बाप विहिरी खणायचा, आणि खणता खणता सगळे मिळून ते म्हणायचे. एकोणीस कडवी. एका कडव्याला विहीर एक हात खाली जाते. आधी माती, मग मुरूम, मग दगड, आणि एकोणिसाव्याला पाणी! बाप गेला, बापाबरोबरचे गेले, आता ते गाणं ह्या एकट्याच्या घशात उरलंय आणि घसा पंचाहत्तर वर्षांचा. मी रोज त्याच्या दुकानाशी स्टुलावर बसतो, इतकी वर्षं बसतोय, पण पाणी मी कधी ऐकलं नाही. सातव्याला नाहीतर आठव्याला गिऱ्हाईक येतंच, "ओ, सेल बदलून द्या." की विहीर तिथेच!

मीच त्याच्या मागे लागलो. पुतणीच्या कार्यक्रमाला एक बाई येणार होत्या, मोठं यंत्र घेऊन. त्या गावोगाव फिरून अशी गाणी भरून घेतात आणि जपून ठेवतात. रविवारी संध्याकाळी त्या आपल्या गाडीने परत जाणार. म्हटलं, "लेका, त्या यंत्रात गेलं तर तुझ्या बापाचं गाणं राहील. नाहीतर तू गेलास की विहीर बुजली."

"मी? स्टेजवर? वेड लागलंय का तुला?"

"लोकांकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. मी पुढेच बसलोय."

सहा महिने तालीम केली हो त्याने. घड्याळ लावून! "एकोणचाळीस मिनिटं आणि वीस सेकंद," मला म्हणाला, "चाळीस सेकंद नमस्काराला." असा माणूस. त्याला जागा मिळाली शेवटची, रविवारी सहाची. आणि वेळ सांभाळायला कोण? मी! म्हणजे दोन दिवसांत जेवढं सांडेल ते सगळं वाहत जाऊन पडणार कुणाच्या अंगावर? हिशेब लहान पोरालाही कळेल. मलाही कळत होता. पण गाणाऱ्या माणसाला बस म्हणायचं कसं, तुम्हीच सांगा!

शनिवारी सकाळी पहिलाच घोटाळा. पुतणीने पाट्या आणल्या त्या छापील, आणि लाल काय म्हणाल तर भाजक्या विटेसारखी! म्हटलं, ही लाल नव्हे. मला राहवतंय का? डबा काढला, सकाळीच पहिला हात मारला. आता पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा मारायचा नाही, हे तर कुणीही सांगेल. तोवर पहिला गायक चढला. म्हातारा नावाडी, छातीचा कोठा हा एवढा, नदीची गाणी. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. पुतणी दारातून हातवारे करतेय, लाल, लाल! मी इथून हातवारे करतोय, ओली, ओली!

लाल सुकेपर्यंत पिवळीवर भागवायचं ठरवलं. पिवळी दाखवली तर नावाड्याने काय करावं? गाता गाता मला हात हलवला! त्याला वाटलं मी खूश होऊन काहीतरी हलवतोय. आणि मी खूश होतोच हो! माझी खुशी लपता लपत नाही. मग त्याने खास माझ्यासाठी आणखी एक म्हटलं.

त्याच्यामागून दोघी बहिणी, अंगाई गाणाऱ्या. धाकटी सत्तरीची. त्यांनी दहा मिनिटांत सगळा हॉल झोपवला. मी जागा राहिलो, खोटं कशाला बोलू, थोडा वेळ राहिलो. जाग आली तेव्हा पुतणी कानाशी, "काका! बारा वाजून गेले!" म्हटलं, "हळू बोल, लोक उठतील."

मग तो तंतुवाद्यवाला, त्याने पाऊण तास तार लावली. चाळीसचे पंचेचाळीस झाले आणि गाणं अजून पेटीतून निघायचंय! आता ज्याने सुरूच केलं नाही त्याला बस कसं म्हणणार? त्याला तरी म्हणायला हवं होतं, असं पुतणी म्हणते. म्हणेल. ती तरुण आहे.

शनिवारचे दोघे रविवारवर गेले, पुतणीने जेवणाची सुट्टी कापून त्यांना बसवलं. रविवारी सकाळपासून घड्याळजी माझ्या मागच्या खुर्चीत. इस्त्रीचा सदरा, मांडीवर वही. तो सारखा काहीतरी लिहीत होता. दर गायकामागे पुढे वाकून कानात सांगायचा, "तीन मिनिटं उशीर." पुन्हा, "अधिक नऊ." पुन्हा, "अधिक दहा." त्याचा श्वास मानेवर लागत होता माझ्या.

"अरे, होईल बरोबर," मी म्हणालो.

"घड्याळ असं बोलत नाही."

"तुझं घड्याळ काय म्हणतं?"

"ते म्हणतं तुझा दोस्त पाटी खाली ठेवून टाळ्या वाजवतोय."

दोन्ही खरं होतं! दुपारी मी ठरवलं, बस्स, आता लाल. पाटी उचलली. समोर एक विधवा बाई लेकीच्या पाठवणीचं गाणं म्हणत होती, तिचे डोळे भरलेले, आणि माझी पाटी आपली गुडघ्यापर्यंत आली न् तिथूनच खाली गेली. गाणाऱ्या माणसाला... जाऊ दे, तुम्हीही नसती दाखवली.

घड्याळजी स्टेजवर चढला तेव्हा सहा वाजून बावीस मिनिटं. आणि आता शाळेचा शिपाई आला. तो माणूस वाईट नाही, पण सोमवारी सकाळी हॉलमध्ये परीक्षा. सहा-चाळीसला गाणं बंद, दोनशे खुर्च्या भिंतीशी, सातला कुलूप. तो दारात किल्ल्या वाजवत उभा. वाजवतोही तालात नाही हो, ते आणखी एक! पुतणी माझ्यापाशी गुडघ्यावर बसली. तिचा आवाज बसलेला, डोळे लाल. "काका, आज उशीर झाला तर मुख्याध्यापिका पुन्हा कधी हॉल देणार नाहीत. पुढच्या वर्षी काहीच होणार नाही. दोन दिवस तुम्हाला एक शब्द बोलले नाही. एकदा, फक्त एकदा दाखवा."

तिकडे तो सुरू झालाय. नमस्काराचे चाळीस सेकंदही घेतले नाहीत त्याने, तेवढीच बचत! गुडघ्यावर हात, मान खाली, जणू खरंच खाली बघतोय. "अजून एक हात रे... अजून एक हात..." माती संपली, मुरूम लागला. यंत्रवाल्या बाई यंत्राची वायर कानाला लावून डोळे मोठे करून बसलेल्या. हॉलमध्ये कुणी खोकत नाही. हिरवी मी दाखवलीच नाही, पिवळीही नाही, कशाला उगाच? नवव्या कडव्याला दगड लागला. पहार दगडावर आपटते, ठिणगी उडते, पण दगड काही फुटत नाही. घड्याळात सहा-चाळीस. पुतणी माझ्याकडे बघतेय. तो माझ्याकडे बघतोय, कारण मीच सांगितलं होतं ना, माझ्याकडे बघ म्हणून!

दाखवली. लाल.

आणि तुम्हाला सांगतो, दोन दिवसांत सतरा जण गायले, नावाडी थांबला नाही, बहिणी थांबल्या नाहीत, तारवाला तर सुरूच झाला नव्हता, आणि हा... हा अर्ध्या ओळीत थांबला! पहार वर उचललेली, तशीच. "बरं," म्हणाला, आणि उतरला खाली. वेळेचा माणूस तो!

मग माझ्यावर जी सरबत्ती झाली! मागच्या रांगेतून एक आजी, "अहो पाटीवाले, काळीज आहे की पुठ्ठा?" नावाडी, ज्याने स्वतः वीस मिनिटं जास्त खाल्ली, तो मला म्हणतो, "गाणाऱ्याला असं तोडतात का कधी?" बाईंनी यंत्र आवरलं, पेटी गाडीत नेऊन ठेवली. नऊच कडवी भरली. कोरडी विहीर. मी घड्याळजीकडे गेलो.

"रागावलास?"

"खुर्च्या उचलायच्यात ना? चल."

एवढंच. आणि लागला उचलायला. चार खुर्च्यांचा एक थर, उचल, भिंतीशी नेऊन ठेव, परत ये. आता हा माणूस कामाला लागला की ओठ हलायला लागतात, ती त्याची जन्माची खोड. दगडापासूनच धरलं त्याने, हळू, स्वतःशी. "अजून एक हात रे..." शेजारी नावाडी उचलत होता, त्याने नकळत ओढलं, "अजून एक हात..." मग अंगाईवाल्या बहिणी, मग ती मागच्या रांगेतली आजी. बघता बघता सगळा हॉल त्या चालीवर वाकतोय, उचलतोय, ठेवतोय! ते मुळी बसून ऐकायचं गाणंच नव्हतं हो, ते कामाचं गाणं. स्टेजवर ते अवघडून बसलं होतं, इथे पाय मोकळे झाले त्याचे. अकरावं, बारावं, दगड फुटला! यंत्रवाल्या बाई गाडीतून उतरून, विसरलेला रुमाल घ्यायला आत आल्या आणि चार खुर्च्या हातात घेऊन तशाच उभ्या.

आणि सोळाव्या कडव्याला खुर्च्या संपल्या.

संपल्या! दोनशेच होत्या! सगळे रिकाम्या हातांनी उभे, गाणं बंद, पाणी तीन हातांवर. घड्याळात सहा अठ्ठावन्न. घड्याळजीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर. तेवढ्यात शिपाई, तोच किल्ल्यांचा जुडगा घेऊन, घसा खाकरून म्हणतो, "ती डावीकडची रांग वाकडी लागलीय. परीक्षेला चालणार नाही. सगळी काढा, पुन्हा लावा."

रांग अगदी सरळ होती! मी आयुष्यभर भिंतीला सूत धरलंय, मला विचारा!

पुन्हा काढल्या. सतरावं, अठरावं, आणि एकोणिसाव्याला पाणी आलं. कसं आलं ते मी सांगणार नाही, ते ऐकायचं असतं. एवढंच सांगतो की शिपायाने किल्ल्या खिशात टाकल्या, आणि बाईंनी मान खाली घातली. यंत्र गाडीत ना! "पुन्हा म्हणाल?" त्यांनी विचारलं.

घड्याळजी म्हणाला, "पुढच्या वर्षी या. पण यंत्र खुर्च्यांपाशी ठेवा."

तर असं झालं. काल पुतणी आली, गायकांकडून अभिप्राय भरून घेतलेले कागद घेऊन. मला वाचता येत नाही म्हणून तिनेच वाचले. नावाडी लिहितो, वेळेची व्यवस्था उत्तम. बहिणी लिहितात, असा समजूतदार माणूस पाहिला नाही. तारवाला लिहितो, कसलीही घाई झाली नाही. सोळाच्या सोळा! म्हणून पुढच्या वर्षीही पाटी मलाच, एकमताने. मी म्हटलं, नको गं बाई. तर म्हणाली, थांबा, एक तक्रारही आहे. सतरावा कागद. अक्षर बारीक, घड्याळाच्या स्क्रूसारखं. 'गृहस्थ मनाने चांगले, परंतु स्वभावाने अतिशय उतावळे.'

बहात्तर वर्षांत मला कुणी उतावळा म्हटलं नव्हतं हो... आता म्हटलं, आणि तेही लेखी!