द्वादशीची सरासरी

—नाही, आत जायच्या आधी दोन मिनिटं या ओट्यावर बसा, व्यंकटेश — डॉक्टर म्हणायला हवं आता, पण तुम्हाला कॉलेजात त्रिकोणमिती शिकवली त्या तोंडाला सवय नाही. अंबुजेनं काय निरोप पाठवला? सासरे पित्त म्हणतात, पण तुम्ही या — असाच ना? पित्तच आहे. म्हणजे, पित्तही आहे. माझा मुलगा जानकीराम दारुडा नाही हो. दारुडा रोज पितो. हा पंधरवड्यातले चौदा दिवस थेंबाला शिवत नाही. एकादशीला तर पाणीसुद्धा नाही, विठ्ठलाच्या मठात दिवसभर टाळ धरून उभा. असा माणूस दारुडा असेल? मीच विचारायचो आणि मीच सांगायचो — नसेल. फक्त द्वादशीला, पारण्याआधी, उपाशी पोटी... अरिष्ट. वैद्याकडचं आंबवलेलं औषध, दारूचा अंश असतो त्यात, पण दारूबंदीतही मिळतं. आधी एक बाटली, मग दोन, आता तीन, तासाभरात. मी भागाकार केला — मी दुसरं काय करणार? तीन बाटल्या भागिले पंधरा दिवस, रोजचे पाच-सहा मोठे चमचे. एवढं तर वैद्य बाळंतिणीलाही देतो! सरासरी काढली आणि झोपलो. तीस वर्षं शिकवलं, सरासरीनं एकेक दिवस कळत नाही म्हणून — वर्गात शिकवलं हो, घरात नाही.

खुणा? होत्या ना. एका बाटलीत जे व्हायचं त्याला तीन लागू लागल्या. कावेरीच्या पायऱ्यांवर पडला — मी म्हटलं, उपवासाची चक्कर. गेल्या महिन्यात अंबुजेच्या हातातल्या बांगड्या फोडल्या आणि संध्याकाळी तिलाच विचारतो, मनगटाला काय लागलं गं? खोटं नव्हता बोलत. त्याला खरंच आठवत नव्हतं. मला ते खोट्यापेक्षा भयंकर वाटलं — वाटलं, आणि मी गप्प बसलो.

आज? आज पहाटे प्यायला. सातला हाक मारली, उठेना. घोरत होता, म्हणून मी म्हटलं, झोपलाय, झोपू दे. अंग गार. ओठ... निळे म्हणू का? उजेड कमी होता. ओकला तेव्हा मी त्याला उताणा निजवून ताक पाजायला गेलो, लिंबू पिळून, आमच्यात देतात तसं. अंबुजेनं वाटी उडवली, त्याला कुशीवर वळवलं, म्हणाली, मामंजी, श्वासात जाईल त्याच्या! शाळा पाचवीपर्यंत तिची. आठ वाजता म्हणाली, डॉक्टरांना बोलावते. मी नको म्हटलं. आता अकरा झाले.

का म्हणजे? तुम्ही रिपोर्ट लिहाल, पोलीस विचारतील, बाटल्या कुठून आल्या. आणि गांधीजयंतीला टाउन हॉलमध्ये दारूबंदीवर भाषण कुणी केलं? मी. इंग्रजीत. टाळ्या पडल्या. नाही, त्यानं नाही आणल्या. सुताराकडचं पॉलिश प्यायला लागला होता हो! ते पिऊन पापनाशम्‌कडचा एक जण आंधळा झाला म्हणतात. मग मी म्हटलं, त्यापेक्षा घरात, डोळ्यांसमोर... वैद्याच्या दुकानात माझं नाव सांगतो, अजीर्ण म्हणून. दर दशमीला. या खेपेस एक जास्त आणली. सारखं सारखं जायची लाज वाटते.

चार. तीन नव्हे. चारही रिकाम्या आहेत.

घड्याळ लावून श्वास मोजत होतो. सातला मिनिटाला अकरा. नऊला नऊ. तुम्ही दारात आलात तेव्हा सहा. यांची सरासरी काढायची नाही, एवढं कळतं मला — उताराला लागलेली ओळ आहे ती, शेवटी कुठे पोचते ते पाचवी शिकलेली मुलगीही —

असे काय बघता? हात? माझा हात... तुमच्या बॅगेवर? मी धरून ठेवलीय? केव्हापासून? आणि तुम्ही मास्तरांना हिसका कसा द्यायचा म्हणून — अरे, द्यायचा होतास! घे. सगळं लिही, माझं नाव आधी लिही, पण ऊठ. अंबुजा, दार उघड! जा, व्यंकटेश, जा, माझं ऐकत बसू नकोस.