बाहेरच्या माणसापुढं

—नाही, त्या खुर्चीत नको बाई, तिचा पाय डुगडुगतो, इकडं बसा. आणि कुत्र्याला भिऊ नका, ते नुसतं तोंडाळ आहे, माझ्यासारखं. तर काय सांगत होतो — पोरगी बरी आहे माझी. बघितलीत ना रेनेलला, खिडकीपाशी बसलेली? केस विंचरलेले, चर्चला जायचा झगा अंगात, खोलीत ऊन. तुम्ही लेक्सिंग्टनच्या सरकारी कचेरीतून येणार, पोरीचं फुकट उपचाराचं कार्ड ठेवायचं की काढायचं ते बघायला, असं कळल्यापासून राबतोय मी. शेजारची ओपल बोंबलत होती — हायरम, आहे तसं राहू दे, त्यांना बघू दे, नाहीतर धडधाकट समजून पोरीचं कार्ड काढतील. म्हटलं, तुझं शहाणपण तुझ्या घरी ठेव. आमच्या या खोऱ्यात बाहेरचं माणूस दाराशी आलं की घर झाडायचं, तोंड धुवायचं, आणि कसं काय विचारलं तर बरं आहे म्हणायचं. माझ्या बापाचा उजवा हात खाणीत गेला, पाद्री भेटायला आला, तर बाप डावा पुढं करून म्हणाला — बरं आहे, कोंबड्या अंडी देतायत. झालं. संपलं. दुसऱ्याला काय करायचंय आपलं?

काय? खिडकीच्या चौकटीला? हां, ते — चिकटपट्टीचे डाग. पुठ्ठे होते तिथं. तिनंच लावलेले, उजेड सोसत नाही म्हणून. काल काढले मी. थोडी ओरडली. थोडी म्हणजे — ओपल हातातलं कालवण टाकून धावत आली, एवढी. पण आता आहे की नाही गप्प? मग. केक घ्या. रेनेलनंच केलाय — म्हणजे ओपलनं केलाय, पण रेनेललाही येतो, माझ्या बायकोनं शिकवलेला, वाळवलेल्या सफरचंदांचा. थांबा, चमच्यानंच काढून देतो. सुरी? आहे की. घर म्हटलं की सुरी नसेल होय? ट्रकमध्ये आहे, हत्यारांच्या पेटीत. सगळ्याच तिथं आहेत. कुलपात. — असं बघू नका माझ्याकडं.

हिवाळ्यापासून आहेत. हो, तेव्हापासूनच. बाई, मी शाळा फारशी शिकलो नाही, मला गोल गोल बोलता येत नाही. ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला होती. साथ आली तेव्हा तिथली माणसं पटापट गेली, लेकरं काचेबाहेर उभी, आत हात धरायला हीच एकटी. एक दिवस घरी आली, दारात बूट काढले, ते परत घातलेच नाहीत. मग ती डॉक्टरीण मिळाली, डोंगरापलीकडची, नुसती बोलणारी. मी हसलो होतो. बोलायला डॉक्टर कशाला — आम्ही कुत्र्याशी बोलतो, फुकटात. पण मागच्या उन्हाळ्यात पोरगी आपणहून पडवीत आली आणि शेंगा मोडत बसली. माझ्या हातातली टोपली ओढून घेतली, म्हणाली, तुला शेंगांच्या शिरा काढता येत नाहीत, म्हाताऱ्या. भांडली हो माझ्याशी. केवढं बरं वाटलं मला. पण वर्ष पुरं झालं, पुन्हा तपासणी हवी म्हणून हिवाळ्यात कार्ड अडकलं, डॉक्टरणीकडं जाणं तुटलं, आणि मग — तर मग ते सुऱ्यांचं. कार्डाशिवाय त्या डॉक्टरणीच्या दारात उभं राहायची ऐपत नाही आमची. तालुक्याच्या दवाखान्यात फुकट बघतात म्हणे, पण तिथं आधीच एवढी माणसं रांगेत की आमची पाळी यायच्या आत मला टेकडीवर पुरलेलं असेल.

तर आता हे लिहा. मघाचं खोडा, ते बरी आहे वगैरे. का नाही? तिच्याच तोंडून यायला हवं? सज्ञान आहे म्हणून? अहो, पण जेवायचंही सांगावं लागतं तिला, मी बाप आहे तिचा, मला माहीत आहे ना — बरं. बरं, तुमचा नियम असेल. रेनेल. ए पोरी, इकडं ये. ये, कुणी रागावत नाही. या बाई काय विचारतायत ते ऐक, आणि खरं सांग. झोप लागत नाही ते सांग. त्या माणसांचं सांग, नावं घेतेस ना त्यांची, ते सांग. लाजू नकोस, मी सांगतो म्हणून सांग.

बघा. "मी बरी आहे, मॅडम. तुम्हाला रस्ता नीट सापडला ना?" — हसली सुद्धा. पाठ ताठ करून हसली.

पुन्हा विचारा. नाही, तसं नको, जरा आडून विचारा, हवापाण्याचं काढून बघा. रेनेल, अगं, या बाहेरच्या नाहीत, समज घरच्याच आहेत. — गेली आत. थांबा, घालतो समजूत, थोडा वेळ द्या, गाय सुद्धा परक्या हाताला लगेच दूध देत नाही. — लिहून झालं? एवढ्यात? तेच लिहिलंत ना, जे ती म्हणाली? हो, दुसरं काय लिहिणार तुम्ही. उठा मग. गाडी मागं घेताना ओढ्याच्या बाजूला जपा, कड खचलीय. जा आता, बाई. जा म्हटलं ना.