वास आला की सांगा

बाबा : म्हणजे माझ्या घरात विजेचा ओव्हन? लोक काय म्हणतील? गॅसवाल्याच्या बायकोलाच गॅस नकोसा झाला.

आई : लोक केक खायला येतात. आच कसली होती ते विचारायला अजून कोणी आलेलं नाही.

बाबा : अगं, जन्मभर मी लोकांच्या घरी गॅसच्या लाइनी टाकल्या. या स्वयंपाकघरातली तर खास रजा काढून टाकली. तूच तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून आत आणायचीस, एक तरी सांधा दिसतोय का बघा म्हणून.

आई : तेव्हा लाइन दाखवली, आता ओव्हन दाखवेन.

सून : बाबा, दुकानदाराने दोन्ही ओव्हन बाजूला काढून ठेवलेत. कुठला पाठवू ते संध्याकाळपर्यंत सांगा म्हणालाय. तोवर भांडण आटोपेल ना?

बाबा : भांडतंय कोण? मी समजावून सांगतोय. गॅसच्या आचेत थोडी ओल असते, पाव मऊ राहतो. विजेची आच कोरडी ठणठणीत.

सून : पण सगळीकडे सारखी लागते. बिस्किटं एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने गोरी निघत नाहीत.

बाबा : आणि वीज गेली की?

आई : वीज गेली की बाहेरून मागवू. एरवी तुम्हाला तेच तर हवं असतं.

बाबा : आणि त्याला जाडी वायर लागते, वेगळा स्विच लागतो. भिंत फोडावी लागेल.

आई : तुमच्या पाइपासाठीही फोडली होती. महिनाभर भांड्यांत सिमेंट सापडत होतं. मी बोलले का काही?

बाबा : बोललीस. अजून बोलतेस. सूनबाई, तू ऐक. अगदी कालपरवापर्यंत हीच बाई विजेच्या ओव्हनला काय म्हणायची ठाऊक आहे? पत्र्याची पेटी. 'पेटीत कोंडून कुठे केक होतो का, ज्योत दिसायला हवी.'

सून : ठाऊक आहे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा माझ्या आईसमोरच म्हणाल्या होत्या. तिचा विजेचा आहे.

आई : तिने काही मनावर घेतलं नव्हतं.

सून : अजून प्रत्येक पाहुण्याला सांगते ती.

बाबा : तर मग एकाएकी झालं काय?

आई : माणसाचं मत बदलतं.

बाबा : तुझं? पडद्यांचा रंग तरी कधी बदललास का?

आई : अहो, जुन्याने लागोपाठ केक करपवले. तुम्हीच उघडून बघितलात आणि तुम्हीच म्हणालात, व्हॉल्व्ह गेलाय. म्हणालात की नाही?

बाबा : म्हणालो खरा.

आई : मग झालं तर. ओट्याखालच्या जागेचं माप घ्या. टेप कुठे आहे तुमची?

बाबा : माळ्यावर असेल, हत्यारांच्या पेटीत. आणतो. पण गॅसचा बसतो का तेही बघणार, आधीच सांगून ठेवतो.

सून : गेले. थांबा, दार लोटते जरा. आई, इकडे बसा.

आई : आता तुझं काय?

सून : मघाशी दूध उतू गेलं.

आई : तू पुसलंस ना? बरं केलंस.

सून : मी बाहेरच्या खोलीतून वासाने धावत आले. तुम्ही शेगडीला पाठ करून मटार सोलत होतात.

आई : लक्ष नव्हतं. निम्मे मटार किडके निघाले.

सून : दूध जळून काळं झालं होतं. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, काय करपलं म्हणून.

आई : त्यांना नसत्या चौकशा फार.

सून : आणि काल मी तुमच्या नाकापुढे हात धरले आणि विचारलं, नवीन साबणाचा वास कसा आहे?

आई : छान आहे म्हटलं की. गुलाबासारखा.

सून : आई, मी लसूण सोलून आले होते. हात धुतलेच नव्हते.

आई : लबाड आहेस तू.

सून : तुमच्या हाताखाली शिकले.

आई : त्यांना सांगू नकोस.

सून : कधीपासून चाललंय हे?

आई : मला तो मोठा ताप येऊन गेला ना, तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास परत आलाच नाही. कॉफी म्हणजे नुसतं कडू गरम पाणी. केक म्हणजे गोड स्पंज.

सून : मग डॉक्टरांकडे नाही का जायचं?

आई : जाऊन आले, भाजी आणते सांगून. ते म्हणाले, येईल कदाचित, नाहीही येणार कदाचित. एवढं सांगायला मी रांगेत बसले, आणि येताना भाजी आणायची राहिली ती राहिलीच.

सून : त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन आलात. बाजार बंद होता म्हणालात.

आई : तेवढंच सुचलं. अगं, मी कधी घड्याळ लावून केक केलाय का? मी आपली पुस्तक घेऊन बसायचे, आणि वासच उठवायचा, चल, काढ आता. आता बसून राहते आणि आत कोळसा होतो. मग ओव्हनवर ढकलून दिलं. त्या बिचाऱ्याला काही बोलता येत नाही.

सून : म्हणून विजेचा हवाय? घंटी वाजते म्हणून?

आई : केकचं काय एवढं, करपला तर टाकून देता येतो. परवा शेगडीची ज्योत वाऱ्याने विझली. कॉक उघडाच. मी तिथेच उभी होते, गाणं गुणगुणत. चहा अजून कसा उकळेना म्हणून वाकले तेव्हा कळलं. खिडकी उघडी होती म्हणून निभावलं. मला भीती वाटली गं. अजून वाटते.

सून : आणि हे तुम्ही बाबांना सांगितलं नाहीत? जन्मभर गॅसचं काम केलेल्या माणसाला?

आई : म्हणून तर नाही सांगितलं. गळती शोधायला जायचे ते. कुणाच्या घरी वेळेवर पोचले नाहीत तर घरी येऊन काही बोलायचे नाहीत, नुसते न जेवता झोपायचे. त्यांना हे कळलं तर मला दारातच अडवतील. मी इथे नाही तर कुठे बसू? बाहेरच्या खोलीत, पाहुण्यासारखी? त्यापेक्षा लहरी म्हणेनात का.

सून : आई, दार हललं.

आई : वारा असेल.

सून : बाबा, तुम्ही कधीपासून उभे आहात?

बाबा : लसणापासून.

आई : चोरून ऐकता?

बाबा : दार मीच बसवलंय. त्याला फट राहिली आहे, हे मला माहीत नाही असं वाटलं का तुला?

आई : आता बोला. जे काय बोलायचं ते बोलून टाका.

बाबा : व्हॉल्व्ह गेलेला नाही.

आई : काय?

बाबा : ओव्हनचा. त्यातलं काहीच गेलेलं नाही. तू झोपलीस की रोज दुपारी उघडून बसायचो. बर्नर साफ, ज्योत निळी. सांध्यासांध्याला साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. आणि केक तर करपतोय. मला वाटलं, झालं, आता आपल्याला दोष सापडत नाही. तोही स्वतःच्या घरातला. लाज वाटली, म्हणून म्हटलं व्हॉल्व्ह गेला.

सून : म्हणून वरच्या काकूंची शेगडी खोलून बसला होतात?

बाबा : हात तपासत होतो. समोरच्यांचीही खोलली.

आई : दोघींचे मला फोन आले होते. यांना घरी काही काम देत नाही का म्हणून.

बाबा : त्यांच्या शेगड्यांत दोष सापडले मला. तेवढंच बरं वाटलं.

आई : म्हणजे मी तुमच्यापासून लपवतेय, तुम्ही माझ्यापासून लपवताय, आणि भंगारात कोण चाललाय, तर ओव्हन.

सून : आणि दुकानदार दोन नवीन काढून बसलाय.

बाबा : गॅसला स्वतःचा वास नसतो. सांगितलं होतं ना तुला?

आई : पहिल्याच भेटीत सांगितलं होतंत. मुलगी बघायला आलात आणि दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला.

बाबा : वास मुद्दाम घालतात त्यात. माणसाला कळावं म्हणून.

आई : मग माझ्यासाठी काय घालणार?

सून : बाबा, नाकाऐवजी दुसरं काही नसतं का?

बाबा : दुसरं कसलं?

सून : गळती झाली की वाजणारी पेटी मिळते ना?

बाबा : मिळते. चांगली असते. लोकांच्या घरी मीच बसवून दिल्यात. पण हिला पेटीच्या भरवशावर सोडून मी बाहेर पेपर वाचत बसू? मला नाही जमायचं. दुकानदाराला सांग, विजेचा. आणि शेगडीही विजेचीच पाठव म्हणावं.

सून : दोन्ही? मग लाइन?

बाबा : बंद करायची. मी करेन. दुसऱ्या कोणाला पाना लावू देणार नाही.

आई : अहो, शेगडी राहू दे की. तुमच्या हातची लाइन आहे ती.

बाबा : कोणासाठी टाकली होती?

आई : माझ्यासाठी. बरं, आजचा दिवस सिमेंटचं नाव काढत नाही.

बाबा : तेवढाच मला विश्रांतीचा काळ.

आई : आणि मला दारात अडवणार नाही?

बाबा : अडवायचंच असतं तर तुझा पहिला केक खाल्ला त्याच दिवशी अडवलं असतं. दातांचा डॉक्टर गाठावा लागला होता.

सून : विजेच्या ओव्हनला काच असते, आई. आत दिवा असतो. रंग बघून कळेल तुम्हाला.

आई : रंग फसवतो गं. वरून सोनेरी दिसतो आणि मध्ये पीठ. वास फसवत नाही.

बाबा : मग वास मी घेतो. एवढी वर्षं या नाकानेच पोटाला घातलंय.

आई : तुमचं नाक गळतीसाठी. त्याला केकमधलं काय कळणार?

बाबा : शिकव.

सून : मी फोन लावते दुकानदाराला. तुमचं मत परत बदलायच्या आत.

आई : लाव. पण अहो, आजचा दिवस हा जुना चालेल ना?

बाबा : उत्तम चालेल. त्याला काही झालेलंच नाही.

आई : मग एक केक यात करू. संत्र्याचा. खोटा आळ घेतला त्याच्यावर, निरोप तरी गोडाचा देऊ. खिडकी उघडा, ते स्टूल इकडे ओढा आणि बसा. वास आला की सांगा.

(केक ओव्हनमध्ये गेल्यानंतर.)

बाबा : आला.

आई : कसला?

बाबा : केकचा.

आई : इतक्यात केकचा येत नाही. उगाच मला खूश करू नका. नीट घ्या.

बाबा : अंड्याचा.

आई : बरोबर. कच्चा आहे अजून. बसा.

सून : दुकानदार उद्या पाठवतोय. म्हणाला, जुना बदल्यात देणार का? मी नाही म्हटलं.

आई : बरं केलंस. ठेवायचा कुठे?

बाबा : माळ्यावर. हत्यारांशेजारी. कधी हात तपासावासा वाटला तर. अगं, लोणी. आता लोण्याचा येतोय.

आई : म्हणजे फुगायला लागला. दार उघडू नका हं, दबून बसेल.

बाबा : हात बांधून बसलोय.

सून : खरंच बसलेत, आई. शाळेतल्यासारखे.

बाबा : साल. संत्र्याची साल, एकदम जोरात. काढू?

आई : इथेच सगळे फसतात. साल दरवळली की काढायला धावतात. थांबा.

सून : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

आई : मलाच कुठे माहीत होतं? कधी सांगायची वेळच आली नाही. आता यांना विचारता विचारता कळतंय, मी एवढी वर्षं काय करत होते ते.

बाबा : अगं, साल कमी झाली.

आई : गेली?

बाबा : गेली.

आई : आणि लोणी?

बाबा : लोण्याचाही नाही. अंड्याचाही नाही. आता वेगळं असं काही ओळखू येत नाही.

आई : मग काय येतंय?

बाबा : नुसता केकचा.

आई : झाला मग. काढा.